हिशोबाची वही घेऊन प्रेमचंदांच्या गावी

दिवस पहिला. दादर

हिंदी-उर्दूतले कथाकार प्रेमचंद यांचं गाव बघायला निघालो नगरहून, पण प्रवास खरा सुरू झाला तो दादरला, बहिणीच्या घरी. गाडी मध्यरात्रीनंतर सीएसएमटीहून सुटणार होती, त्यामुळे अख्खी संध्याकाळ हाताशी होती. ही म्हणाली, "अहो, बनारसला कशाला, प्रेमचंद तर इथेच राहत होते की!" ही तीस वर्षं हायस्कुलात हिंदी शिकवत होती. प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा तिने इतक्या वेळा शिकवलीय की स्वयंपाक करतानाही तिच्यातल्या छोट्या हमीदचे संवाद तोंडात असतात.

तिचं बरोबर होतं. 1934 च्या उन्हाळ्यात प्रेमचंद मुंबईला आले. परळच्या अजंता सिनेटोनने त्यांना वर्षाला आठ हजारांच्या बोलीवर कथालेखक म्हणून बोलावलं होतं. बनारसला 'हंस' आणि 'जागरण' ही दोन नियतकालिकं आणि सरस्वती प्रेस असा तोट्यातला संसार होता. ती भोकं बुजवायला हा माणूस चोपन्नाव्या वर्षी फिल्म कंपनीत नोकरीला लागला आणि दादरला राहिला. मोहन भवनानींनी त्यांच्या कथेवर 'मजदूर' काढला. गिरणीमालक आणि कामगार यांची गोष्ट, आणि तीही गिरण्यांच्या मुंबईत! कामगारांच्या पुढाऱ्याच्या छोट्या भूमिकेत प्रेमचंद स्वतःही पडद्यावर दिसले म्हणतात. मुंबईत चित्रपटावर बंदी आली. दुसरीकडे तो पाहून बनारसला त्यांच्या स्वतःच्याच छापखान्यातल्या कामगारांनी पगारासाठी संप केला, असंही सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट त्यांनीच लिहावी अशी आहे. चित्रपटाची प्रत आज उरलेली नाही. वर्षही पुरं न करता एप्रिल 1935 मध्ये ते परत गेले.

मी जिल्ह्याच्या एका सहकारी बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कर्जवसुलीत. साहित्याचा माणूस मी नव्हे. प्रेमचंद वाचले ते निवृत्तीनंतर, हिच्या कपाटातून, आणि वाचताना सवयीने समासात आकडे लिहीत गेलो. तेव्हा लक्षात आलं की या लेखकाच्या जवळजवळ प्रत्येक कथेत एक नेमकी रक्कम आहे. हमीदचे तीन पैसे. 'पूस की रात'मधल्या हल्कूच्या कांबळ्याचे तीन रुपये. 'कफन'मधले तासाभरात गोळा झालेले पाच रुपये. 'गोदान'मधल्या होरीच्या गायीचे ऐंशी. दुसरे लेखक 'गरिबी' लिहितात, हा गरिबीचं खातं लिहितो. या सहलीला मी निघालो तो त्या खात्यापायी. ही निघाली ती हमीदपायी.

दिवस दुसरा. गाडीत

खंडवा, इटारसी, जबलपूर. दिवसभर खिडकी, चहा, आणि समोरच्या बाकावरच्या जौनपूरच्या कुटुंबाने आग्रहाने दिलेल्या पुऱ्या. लिहिण्यासारखं फारसं काही नाही. संध्याकाळी सतना गेलं आणि थंडी जाणवायला लागली. नगरची थंडी मला ठाऊक आहे. ही ओलसर होती, हाडात उतरणारी. पौष लागलेला. हिने मुद्दाम महिना बघून तिकिटं काढली होती, हे मला तेव्हा कळलं. 'पूस की रात' पौषातच वाचायची म्हणे.

दिवस तिसरा. बनारस

धुक्याने गाडीला चांगलाच उशीर केला, त्यामुळे चुनार उजेडात दिसलं. दिसलं म्हणजे पाटी दिसली आणि तिच्यामागे पांढरं. इथल्या मिशन शाळेत 1899 मध्ये प्रेमचंदांना पहिली मास्तरकी मिळाली. पगार अठरा रुपये. ती नोकरी कशी मिळाली ते त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा ते धनपतराय होते, वडील गेलेले, घरी सावत्र आई, आणि पंधराव्या वर्षीच लावून दिलेल्या लग्नाची बायको. एका वकिलाच्या मुलाला शिकवून महिना पाच रुपये मिळायचे. त्यातले तीन घरी द्यायचे, दोनात आपण भागवायचं, असा हिशोब ठरलेला. तो अर्थातच कोसळला. एके दिवशी खिशात काहीच उरलं नाही, तेव्हा दोन रुपयांना घेतलेली चक्रवर्तींच्या गणिताची गाईड पुस्तकवाल्याकडे नेऊन एक रुपयाला विकली. त्याच दुकानात एका छोट्या शाळेचे हेडमास्तर बसलेले होते. त्यांनी विचारपूस केली आणि नोकरी दिली.

गणिताचं पुस्तक विकून नोकरी मिळालेला हा माणूस गणितात कायम नापास. गणित आपल्यासाठी गौरीशंकराचं शिखर होतं, कधी चढताच आलं नाही, असं ते म्हणतात. या एका विषयापायी इंटर कित्येक वर्षं अडकलं. पुढे गणित ऐच्छिक झालं तेव्हा कुठे पास झाले. मी वहीत लिहिलं: अपूर्णांक जमत नव्हते, पण व्याज कुणाचंच चुकलं नाही.

लॉजवर सामान टाकून लहुराबीरला क्वीन्स कॉलेज बघायला गेलो. शाळा भरलेली, आत सोडलं नाही, फाटकातून बघितलं. धनपतरायांचा शाळकरी दिनक्रम असा होता: सकाळी लमहीहून पाच मैल चालत इथे यायचं, संध्याकाळी बांसफाटकला एका मुलाची शिकवणी, मग पाच मैल चालत परत आणि घरी ढिबरीच्या, म्हणजे चिमणीच्या, उजेडात अभ्यास. पायात जोडे नाहीत. आम्ही लहुराबीर ते बांसफाटक ई-रिक्षाने गेलो तरी कोंडीत अर्धा तास मोडला. चालत लवकर पोचलो असतो, पण हिचे गुडघे.

रस्त्यात चूडा-मटर खाल्लं. हे म्हणजे आपले पोहेच, पण तुपात परतलेले, हिरव्या मटारांचे, शेंगदाण्याचा पत्ता नाही. हिने दुसरी प्लेट मागवली. मातीच्या कुल्हडातली मलइयो ही दुधाची मिठाई मात्र मला फेस खाल्ल्यासारखी वाटली. बनारसवाल्यांनी माफ करावं.

दिवस चौथा. लमही

कँट स्टेशनपासून लमही सहा-सात किलोमीटर. वाटेत पांडेपूर लागतं. 'रंगभूमि'तली आंधळ्या सूरदासची वस्ती हीच. सिगारेटच्या कारखान्यासाठी त्याची जमीन मागतात आणि तो देत नाही, म्हणून सगळी कादंबरी घडते. आजचं पांडेपूर म्हणजे उड्डाणपूल, मोबाइलची दुकानं, कोचिंग क्लासचे फलक. शंभर वर्षांपूर्वी सूरदास जे गमावून बसला, ते आता सगळ्यांचंच गेलंय आणि कुणाची फारशी तक्रार दिसत नाही. आझमगडच्या रस्त्यावरून आत वळताना मोठी कमान आहे, प्रेमचंदांच्या नावाची, तिच्यापाशी बैलांचे पुतळे. ही लगेच म्हणाली, "हीरा आणि मोती!" 'दो बैलों की कथा'मधली जोडी.

गाव असं उरलेलं नाही. प्लॉट पाडलेले, कुंपणाच्या भिंती, अर्धवट बांधलेले बंगले. मधेच एखाद्या तुकड्यात मोहरी फुललेली. 31 जुलै 1880 ला इथे पोस्टातले कारकून मुन्शी अजायबलाल यांच्या घरी मुलगा झाला. चुलत्याने लाडाने त्याला 'नवाब' म्हटलं आणि पुढे उर्दूत तो नवाबराय म्हणून लिहू लागला. 'सोज़-ए-वतन' हा त्याचा कथासंग्रह देशद्रोही ठरला. तेव्हा तो हमीरपूर जिल्ह्यात शाळातपासनीस होता. कलेक्टरने बोलावून दटावलं, प्रती जप्त केल्या, यापुढे विचारल्याशिवाय लिहायचं नाही अशी अट घातली. मग कानपूरच्या 'ज़माना'चे संपादक दयानारायण निगम यांनी नवं नाव सुचवलं: प्रेमचंद. हे झालं 1910 च्या सुमाराला. आपण ज्या नावाने त्यांना ओळखतो, ते मुळात सरकारची नजर चुकवायला घेतलेलं. आणि 'मुन्शी'ची तर आणखी गंमत. 'हंस'च्या शेवटच्या काळात कन्हैयालाल मुन्शी सहसंपादक झाले. अंकावर 'मुन्शी' आणि 'प्रेमचंद' ही दोन नावं शेजारीशेजारी छापली जाऊ लागली आणि लोकांनी मधला स्वल्पविराम गिळला, असं सांगतात. कायस्थांना मुन्शी म्हणायची रीत होतीच, त्यामुळे ते चिकटलं.

घर डागडुजी करून, रंगवून ठेवलंय. खोल्या रिकाम्या. आत उभं राहिलं की आपलाच आवाज घुमतो. मला खरं सांगायचं तर तिथे काही वाटलं नाही. शेजारच्या स्मारकातल्या छोट्या वाचनालयात मात्र पाय रेंगाळला. तिथे कथांमधल्या वस्तू मांडल्यात: चिमटा, विटीदांडू, हुक्का. एका लेखकाचं स्मारक म्हणून त्याच्या पात्रांचं सामान मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ही चिमट्यापाशी बराच वेळ उभी होती. तिथल्या काकांनी विचारलं, "आप लोग महाराष्ट्र से?" आणि हिने त्यांना हमीदची जत्राच ऐकवली. मोहसीनचा भिश्ती, महमूदचा शिपाई, नूरेचा वकील, आणि दुकानदाराने सहा पैसे सांगितलेला तो चिमटा तीन पैशांत. काका हसत ऐकत होते. त्यांनी ती हजारदा ऐकली असणार.

ते मग 'सद्गति' या कथेवर आले. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली ती फिल्म त्यांना फार आवडते. मी म्हटलं, तीत आमची माणसं आहेत. स्मिता पाटील कथानायक दुखीची बायको, मोहन आगाशे तो लाकूड फोडायला लावणारा पंडित. कथेत पंडिताचं नाव घासीराम. 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस रंगवणाऱ्या आगाश्यांना इथे घासीरामच व्हावं लागलं! ही गंमत काकांना समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली आणि तरी ती पोचली असं वाटत नाही.

बाहेर तळ्याच्या कडेला बसून आम्ही वाद घातला. ही म्हणते, प्रेमचंद करुणेचा लेखक. मी म्हणतो, जमाखर्चाचा. 'सवा सेर गेहूँ' घे. शंकर कुणब्याने दारी आलेल्या साधूसाठी गावच्या विप्राकडून सव्वाशेर गहू उसना आणला. सात वर्षांनी विप्र सांगतो, साडेपाच मण झाला. त्याचे रुपये केले साठ, मग त्यावर व्याज. शंकरने उरलेलं आयुष्य, वीस वर्षं, त्याच्याकडे गुलामी केली. मेला तेव्हा एकशेवीस रुपये शिल्लक होते, आणि विप्राने त्याच्या पोराची मान धरली. यात 'हाय हाय' हा शब्द कुठे आहे? नुसती नोंद आहे. बँकेत आम्ही याला थकबाकीचा उतारा म्हणायचो.

"आणि 'गोदान'चा शेवट?" तिने विचारलं.

होरी मरतोय. आयुष्यभर त्याला दाराशी एक गाय हवी होती. भटजी गोदान करा म्हणतात. धनिया घरात जाते, सुतळी विकून आलेले वीस आणे आणते, नवऱ्याच्या गार हातावर ठेवते आणि सांगते की एवढेच आहेत, हेच गोदान. मी मनात भागाकार केला. वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. आपल्याकडे नारळावर ठेवतात तो सव्वा रुपया. मी ते मोठ्याने म्हटलं तेव्हा ही माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं हिंदी शिकवूनही तिने वीस आण्यांचे रुपये कधी केले नव्हते. वादात मी जिंकलो की हरलो, ते त्यानंतर कळेना.

दिवस पाचवा. गोरखपूरकडे

मऊ, भटनी, देवरिया अशी गाडी. धुकं अकरापर्यंत. डब्यात देवरियाजवळचे एक शेतकरी भेटले, साठीतले, मफलर कानाला गुंडाळलेला. शेतांभोवती तारा आणि मधे बांबूचे मचाण दिसत होते, म्हणून विचारलं. म्हणाले, "रात में रखवाली करनी पड़ती है। नीलगाय तो पहले से थी, अब छुट्टा जानवर भी।" सोडून दिलेली गुरं, म्हणजे भाकड गायी आणि गोऱ्हे. गव्हात शिरले की रात्रीत शेत साफ. घरातला एक माणूस पाळीने शेतात झोपतो. या थंडीत? "और क्या करें?"

ही काही बोलली नाही. पिशवीतून पुस्तक काढून 'पूस की रात' उघडली आणि माझ्यासमोर धरली. हल्कूने मजुरीतून तीन रुपये साठवलेत कांबळ्यासाठी. वसुलीवाला सहना दारात येतो आणि ते तीनही घेऊन जातो. हल्कू एका जुन्या चादरीत, जबरा कुत्र्याला कुशीत घेऊन रात्र काढतो, आंब्याची पानं पेटवून ऊब घेतो. नीलगायी शेत खातात तेव्हा ऐकू येऊनही त्याला उठवत नाही. सकाळी बायको रडकुंडीला येते आणि हा म्हणतो, आता थंडीत इथे झोपावं तरी लागणार नाही. 1930 ची कथा. खिडकीबाहेर मचाण मागे पडत होते.

गोरखपूरचा फलाट संपता संपत नाही. 1366 मीटर, काही वर्षं जगातला सर्वांत लांब होता. आता हुबळीने मान पटकावला. हिचे गुडघे मोजत होते.

दिवस सहावा. गोरखपूर

या गावात प्रेमचंद दोनदा राहिले. पहिल्यांदा वडिलांच्या बदलीबरोबर, शाळकरी वयात. तंबाखूच्या एका दुकानात मोठी माणसं 'तिलिस्म-ए-होशरुबा' वाचायची, आणि हा मुलगा कोपऱ्यात बसून जादूगारांच्या राक्षसी लांबीच्या गोष्टी ऐकायचा. पुढे ज्याने उर्दू-हिंदी कथेला जादू सोडून शेतावर आणलं, त्याचं पोषण या जादूवर झालं, हे मला फार आवडतं. दुसऱ्यांदा आले ते 1916 मध्ये, नॉर्मल स्कूलचे मास्तर म्हणून. बेतियाहात्यातला प्रेमचंद पार्क म्हणजे ती जागा. त्यांचं राहतं घर आहे, आत वाचनालय. थंडीमुळे सगळे वाचक बाहेर उन्हाच्या पट्ट्यात खुर्च्या ओढून बसलेले. बहुतेक पोरं स्पर्धा परीक्षेची. एकाच्या मांडीवर चालू घडामोडींचं पुस्तक, त्याखाली झाकलेली प्रेमचंदांची 'निर्मला'. ही बघून खूश.

शेजारीच मुबारक खाँ शहीद यांचा दर्गा आणि ईदगाह. प्रेमचंदांनी कथा लिहिली ती बऱ्याच वर्षांनी, 1933 मध्ये आली, पण जत्रा त्यांनी इथेच, घराच्या दारातून पाहिली, असं गोरखपूरचा प्रत्येक माणूस छातीठोक सांगतो. ईद नव्हती. मोकळं पटांगण, दोन बकऱ्या, क्रिकेट खेळणारी मुलं. हिने चप्पल काढली, कडेला दोन मिनिटं उभी राहिली. मी फोटो काढला नाही.

8 फेब्रुवारी 1921 ला गांधीजी इथे आले. बाले मियाँच्या मैदानावरची सभा प्रेमचंदांनी आजारातून उठून, बायका-पोरांसकट ऐकली आणि आठवड्याभरात वीस वर्षांच्या सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. हे सगळे लिहितात. मला थांबवतो तो शिवरानीदेवींचा भाग. त्या बालविधवा. प्रेमचंदांनी 1906 मध्ये त्यांच्याशी दुसरं लग्न केलं. (पहिल्या बायकोचं काय झालं, हा हिचा नेहमीचा प्रश्न. ती माहेरी गेली ती गेलीच. समाजाचे सगळे हिशोब लिहिणाऱ्याने ते पान कोरं ठेवलं.) राजीनाम्याचं विचारलं तेव्हा शिवरानीदेवींनी विचार करून होकार दिला. पगार बंद झाल्यावर चूल त्यांनाच पेटवायची होती. पुढे लखनौला 1930 च्या चळवळीत पिकेटिंग करताना त्या स्वतः तुरुंगात गेल्या.

संध्याकाळी हिला हुडहुडी भरली. घंटाघराजवळच्या बाजारात कांबळं घेतलं. दुकानदाराने सातशे सांगितले, साडेचारशेला तुटलं. वहीत नोंद केली.

रात्री लॉजवर झोप येईना. दुष्काळाच्या एका वर्षी, मार्चअखेरीला, आम्ही जीप घेऊन वसुलीला गेलो होतो. नगर जिल्ह्यातलंच गाव. विहिरीवरचं इंजिन उचललं. तो शेतकरी घरात नव्हता, की आतच होता, कोण जाणे. बाई बाहेर आली आणि तिने एकच विचारलं, "साहेब, पावती मिळंल ना?" मी पावती दिली. नियमाने, सही-शिक्क्याची. ते इंजिन लिलावात गेलं त्या रकमेत नुसतं व्याज फिटलं, मुद्दल तसंच राहिलं. मी प्रेमचंदांच्या पुस्तकात सहना वाचला तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता. तो फक्त कामावर आलेला माणूस वाटला होता. हे मी हिला त्या रात्री सांगितलं. ती जागी होती.

दिवस सातवा. लखनौ

लखनौला आमच्याकडे फक्त दुपार होती. 'माधुरी' मासिकाचे संपादक म्हणून प्रेमचंद इथे काही वर्षं होते. पण आम्ही गेलो ते रिफ़ाह-ए-आम क्लबाची इमारत पाहायला. एप्रिल 1936 मध्ये प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनात ते इथे अध्यक्ष होते. सौंदर्याची कसोटी बदलावी लागेल, हे त्यांचं प्रसिद्ध वाक्य इथलं. सुंदर बाई सुंदर दिसते, तशी पोराला बांधावर निजवून घाम गाळणारी बाई सुंदर दिसायला हवी, असा त्या भाषणाचा रोख. त्यानंतर सहाच महिन्यांत, 8 ऑक्टोबरला, बनारसला ते गेले. वय छप्पन्न. इमारत पडकी, भिंतींना झाडं फुटलेली. आम्ही पाच मिनिटांत परत फिरलो.

रात्री चारबाग स्टेशन. गाडी चार तास उशिरा. बाहेर नगर निगमाने अलाव पेटवला होता, लाकडाचे दोन ओंडके आणि वर लोकांनी टाकलेले खोके. रिक्षावाले, हमाल, दोन-तीन विद्यार्थी भोवती. एकाने सरकून हिला जागा दिली. तो पन्नाशीचा रिक्षावाला असावा. अंगावर स्वेटर आणि त्यावर सुती चादर. हिच्या खांद्यावरच्या कांबळ्याची कड त्याने दोन बोटांत धरून चाचपली.

"बढ़िया है। कितने का पड़ा, बहनजी?"

"ढाई सौ," ही म्हणाली.

त्याने मान हलवली. ढाई सौला मिळत असेल तर गोरखपूरला कुणाकडून तरी मागवतो, म्हणाला. ही गप्प झाली. मग दुकान कुठलं ते त्याने विचारलं, आणि हिने माझ्याकडे पाहिलं.

मी घंटाघर सांगितलं. खिशातली वही काढली नाही.